झेल कोणाच्या खात्यावर?

(बी. ए. तृतीय वर्ष)

सुनील गावसकरांच्या कसोटी धावा किती, असा प्रश्न आपल्या वसतिगृहात रात्री अकरा वाजता विचारला तरी अंथरुणातून उत्तर येईल : १०,१२२. शतके किती? ३४. हे आकडे आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीचे. तरी ते पाढ्यांसारखे पाठ आहेत. आता त्याच गावसकरांनी कसोटीत झेल किती घेतले, असे विचारून पाहा. खोलीत शांतता पसरेल. उत्तर आहे १०८. यष्टिरक्षक नसताना कसोटीत झेलांची शंभरी गाठणारे ते पहिले भारतीय. धावांचे शतक त्यांनी चौतीस वेळा काढले ते साऱ्यांना ठाऊक. झेलांचे शतक एकदाच झाले, आणि त्याची दाद ना फिर्याद!

वाचकहो, मी आपल्या महाविद्यालयाच्या क्रिकेट संघाचा स्कोअरर आहे. शुद्ध मराठीत गुणलेखक म्हणतात. फलंदाजी माझ्या नशिबी नाही, गोलंदाजी हाताला लागत नाही. पेन्सिल तेवढी सुटत नाही. गेली दोन वर्षे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली अशा चार जिल्ह्यांतली मैदाने पालथी घालत मी स्कोअरबुकाची पाने भरतो आहे. हे काम करताना एक गोष्ट मनात घर करून बसली. क्रिकेटच्या हिशेबात फलंदाजाचे खाते आहे, गोलंदाजाचे खाते आहे. झेलणाऱ्याचे खाते नाही. आणि ज्याचे खातेच उघडलेले नाही, त्याच्या नावावर जमा तरी काय होणार? हे बदलावे, आणि त्याची सुरुवात आपल्या महाविद्यालयाच्या स्कोअरबुकापासून व्हावी, एवढे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपल्या भाषेने झेलण्याला केवढा मान दिला आहे! आज्ञाधारक मुलगा वडिलांचा शब्द वरच्यावर झेलतो. सैनिक छातीवर वार झेलतो. थोरली बहीण धाकट्यांवर येणारे सगळे स्वतः झेलते. शेतकरी एक वर्ष दुष्काळ झेलतो आणि दुसऱ्या वर्षी अतिवृष्टी. झेलणे म्हणजे नुसते पकडणे नव्हे. जे अंगावर येत आहे त्याच्यापासून दूर न पळता ते जमिनीवर पडू न देणे, असा भरघोस अर्थ या तीन अक्षरांत आहे. बाळ ज. पंडितांसारख्यांनी आकाशवाणीवरून मराठीत धावते वर्णन केले, तेव्हा 'कॅच'साठी हा शब्द घरोघरी पोहोचला. आणि तो परका वाटला नाही, कारण घरात तो आधीच नांदत होता. भाषेने दिलेला हा मान हिशेबाच्या वहीने मात्र दिला नाही.

वही कशी असते ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फलंदाजाच्या नावापुढे त्याच्या धावा एकेक करून मांडतात. तो बाद झाला की 'कसा बाद' या रकान्यात 'झे. अमुक' आणि त्यापुढे 'गो. तमुक' असे लिहितात. खाली गोलंदाजांचा तक्ता असतो : षटके, निर्धाव, धावा, बळी. बळी तिथे जमा होतो. सामना संपला की धावांची बेरीज होते, बळींची बेरीज होते. झेलणाऱ्याचे नाव मात्र फलंदाजाच्या ओळीत, दुसऱ्याच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे, अंग चोरून बसलेले असते. त्याची बेरीज करायला वहीत जागाच नाही. ज्याला हवी असेल त्याने पाने उलटत बसावे.

त्याहून वाईट अवस्था बदली खेळाडूची. १९७१च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर भारताने इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय मिळवला आणि मालिकाही जिंकली. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला, हे आपण ऐकत आलो आहोत. त्या डावात डॉलिव्हेरा यांचा झेल हैदराबादच्या के. जयंतीलाल यांनी घेतला. ते अकरांत नव्हते. बदली म्हणून उतरले होते. छापील धावफलकात पुष्कळ ठिकाणी त्यांच्या जागी एकच शब्द आला : 'बदली'. नियम असा, की बदली खेळाडूने घेतलेला झेल त्याच्या वैयक्तिक आकड्यांत धरत नाहीत. पुढे १९८३मध्ये अहमदाबादला वेस्ट इंडीजविरुद्ध गुरशरणसिंग या तरुणाने बदली म्हणून एकाच कसोटीत चार झेल घेतले. तोपर्यंत तो एकही कसोटी खेळलेला नव्हता. चार फलंदाज त्याच्या हातांनी तंबूत परतले आणि त्याच्या खात्यावर शून्य!

आता आपल्या महाराष्ट्रातल्या त्या माणसाकडे वळतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. एकनाथ सोलकर. जन्म मुंबईचा, १९४८चा. वडील हिंदू जिमखान्याचे मुख्य माळी, म्हणजे मैदान राखणारे. कुटुंब मैदानाच्या कडेला एका खोलीच्या झोपडीत राहायचे. लहानपणी एकनाथ तिथल्या सामन्यांत धावफलकावरचे आकडे बदलायचे काम करी. इतरांच्या धावा फळीवर टांगणारा हा मुलगा पुढे भारताकडून २७ कसोट्या खेळला. एक शतक, १,०६८ धावा, १८ बळी. एवढेच आकडे पाहिले तर कोणी म्हणेल, बरा खेळाडू होता. पण चौथा आकडा पाहा : ५३ झेल. सत्तावीस कसोट्यांत त्रेपन्न झेल, म्हणजे कसोटीमागे जवळजवळ दोन. किमान वीस कसोट्या खेळलेल्यांत, यष्टिरक्षक सोडले तर, हे प्रमाण साऱ्या जगात सर्वांत वरचे मानले जाते.

आणि हे झेल घेतले कुठे? फॉरवर्ड शॉर्टलेगला, फलंदाजाच्या बॅटपासून चार-पाच पावलांवर, डोक्यावर शिरस्त्राण नसताना. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन यांची फिरकी साऱ्या जगाने नावाजली. परंतु फिरकी गोलंदाजाने कितीही भुलवले तरी बॅटची कड घेऊन उडालेला चेंडू कोणीतरी जमिनीच्या आधी गाठावाच लागतो. ओव्हलच्या त्या डावात पहिल्या डावातला ९० धावांचा मानकरी ॲलन नॉट अवघ्या एका धावेवर बाद झाला. वेंकटराघवन यांच्या चेंडूवर सोलकरांनी पुढे सूर मारून तो झेल घेतला. १९७२-७३च्या इंग्लंडविरुद्धच्या पाच कसोट्यांत त्यांनी बारा झेल घेतले. त्या चौघांच्या बळींच्या बेरजांत सोलकरांच्या हातांचा वाटा किती, हे कोणी मांडले आहे काय? बळी त्यांच्या खात्यांवर गेले. जोखीम मात्र याच्या कवटीची होती! सोलकर २००५मध्ये गेले.

सोलकरांचे नाव निदान जाणकारांच्या ओठी आहे. यजुर्विंद्रसिंग हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? जन्म राजकोटचा, पण रणजी करंडकात ते महाराष्ट्राकडून खेळत. १९७७मध्ये बंगळूरला इंग्लंडविरुद्ध त्यांचे कसोटी पदार्पण झाले. त्या एका सामन्यात त्यांनी सात झेल घेतले, त्यांतले पाच एकाच डावात; आणि डावाचा व सामन्याचा, असे दोन्ही विश्वविक्रम पदार्पणातच गाठले. भारताने तो सामना जिंकला. यजुर्विंद्रसिंग त्यानंतर आणखी तीनच कसोट्या खेळू शकले. पदार्पणात दोन विश्वविक्रमांची बरोबरी करणारा शतकवीर इतक्या लवकर विस्मरणात गेला असता का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

सामन्यातला सात झेलांचा तो आकडा पुढे २०१५मध्ये आपल्याच माणसाने ओलांडला. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे गॉल कसोटीत श्रीलंकेविरुद्ध आठ झेल घेऊन उभा राहिला. कसोटीच्या इतिहासात त्याआधी कोणीही, यष्टिरक्षक वगळता, आठ झेल घेतले नव्हते. ती कसोटी भारत ६३ धावांनी हरला, म्हणून रहाणेच्या आठ झेलांची गोष्ट पराभवाच्या ढिगाऱ्याखाली गेली. नोव्हेंबर २०२५मध्ये गुवाहाटीला दक्षिण आफ्रिकेच्या एडन मार्करमने भारताविरुद्ध नऊ झेल घेऊन तो विक्रम मोडला, तेव्हा कित्येकांना प्रथमच कळले की तो विक्रम एका मराठी माणसाच्या नावावर होता. विक्रम मोडल्यावर धन्याची ओळख पटावी, ही काय तऱ्हा!

कोणी म्हणेल, 'खेळाची रीतच तशी आहे, बिचाऱ्या स्कोअररने काय करावे?' तर रीत दुसरी असू शकते, हे दाखवण्यासाठी वाचकांना थोडा वेळ अमेरिकेत नेतो. तिथे फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात तो आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, अंगाला कवच. आणि चेंडू पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात. क्वार्टरबॅक नावाचा गडी चेंडू लांब फेकतो, आणि रिसीव्हर, म्हणजे झेलकरी, धावत जाऊन, प्रतिपक्षाचे धक्के खात तो झेलतो. जितके यार्ड अंतर मिळाले तितके मोजले जाते. आता हिशेबाची गंमत पाहा. फेकणाऱ्याने फेकला आणि झेलणाऱ्याने झेलला, वीस यार्ड मिळाले; तर वीस यार्ड फेकणाऱ्याच्या खात्यावर चढतात आणि तेच वीस यार्ड झेलणाऱ्याच्याही खात्यावर चढतात. लातूरच्या आडतीत असे दुहेरी जमा कोणी केले तर दिवाळे निघेल. पण खेळाच्या वहीत यासारखा न्याय नाही. दोघांनी मिळून केलेले काम दोघांच्याही नावावर लागते.

म्हणूनच तिथे जेरी राइस हे नाव लहान मुलालाही ठाऊक असते. १९८५ ते २००४ अशी वीस वर्षे हा माणूस खेळला. १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड. झेलांत त्याच्या खालोखाल लॅरी फिट्झजेराल्ड : १,४३२ झेल, १७,४९२ यार्ड. दोघांत पाच हजारांहून अधिक यार्डांचे अंतर आहे. हे आकडे तिथल्या रसिकांना तसे पाठ आहेत जसे आपल्याला गावसकरांचे. हा राइस मिसिसिपी राज्यातल्या एका गवंड्याचा मुलगा. सुटीत वडिलांच्या हाताखाली काम करताना भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा वर परांचीवर उभा राहून त्या झेलायचा. पुढे मोठ्या विद्यापीठांच्या झगमगाटापासून दूर असलेल्या एका लहान कृष्णवर्णीय महाविद्यालयात तो खेळला. तिथे त्याचे झेल मोजले गेले, लिहिले गेले; म्हणून थोरांच्या नजरेस पडले. विटा झेलणारी पोरे आपल्याकडे कमी आहेत काय? पण विटा झेलण्यापासून विक्रमापर्यंत जो रस्ता जातो तो वहीच्या पानावरून जातो.

त्या खेळातही ही वही आकाशातून पडली नाही. पुढे चेंडू फेकण्याला तिथल्या नियमांनी १९०६मध्ये परवानगी दिली. पण त्यांच्या व्यावसायिक लीगने अधिकृत आकडेवारी ठेवायला सुरुवात केली १९३२मध्ये. लीग १९२०ची. म्हणजे पहिल्या बारा वर्षांत ज्यांनी झेलले त्यांचे झेल धड कोणाच्या हिशेबी नाहीत. त्यानंतर १९३५मध्ये आलेल्या डॉन हटसनचे मात्र सगळे मोजलेले आहे : ४८८ झेल, त्यांतले ९९ थेट गोलरेषेपार. या ९९चा विक्रम १९८९पर्यंत अबाधित राहिला. हटसन थोर होताच. परंतु त्याच्या आधीचे थोर नव्हते असे कोण म्हणेल? त्यांचा दोष एवढाच, की पेन्सिल उशिरा आली.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. ते प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर देणे भाग आहे.

पहिला आक्षेप मित्रांचा. ते म्हणतात, 'झेलाची उपेक्षा कुठे झाली? २९ जून २०२४ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, तो सगळ्या देशाने डोक्यावर घेतला. मुंबईत विधानभवनात सत्कार झाला.' खरे आहे. शेवटच्या षटकात सोळा धावा हव्या असताना पहिल्याच चेंडूवरचा तो झेल, सामना सात धावांनी जिंकला. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण तो झेल आपल्या लक्षात राहिला तो धावफलकामुळे नव्हे, कॅमेऱ्यामुळे. धावफलकात तो 'झे. सूर्यकुमार गो. हार्दिक' एवढाच आहे. जिथे पंचवीस कॅमेरे लावलेले असतात तिथे वहीने चूक केली तरी चालते. चित्र साक्ष देते. नांदेडच्या किंवा उदगीरच्या मैदानावर कॅमेरा कोण लावणार? तिथे साक्ष द्यायला स्कोअररच्या पेन्सिलीशिवाय कोणी नाही. म्हणून वही नीट ठेवण्याची गरज वानखेडेपेक्षा आपल्याकडे अधिक आहे.

दुसरा आक्षेप आमच्या एका प्राध्यापकांचा. ते साहित्य शिकवतात. त्यांचे म्हणणे, 'झेल ही क्षणाची कला आहे. तिची मोजदाद केलीत की तिचा प्राण गेला. आकड्यांत काय मावते?' सरांविषयी आदर बाळगून मी म्हणतो की आकडे अपुरे असतात हे शंभर टक्के कबूल. राहुल द्रविडचे कसोटीत २१० झेल. कित्येक वर्षे तो विश्वविक्रम होता. जुलै २०२५मध्ये लॉर्ड्सवर जो रूटने त्याला मागे टाकले. द्रविडचे २१० झेल १६४ कसोट्यांतले; कसोटीमागे सव्वा. सोलकरांचे कसोटीमागे जवळजवळ दोन. मग श्रेष्ठ कोण? नुसत्या बेरजेने उत्तर मिळत नाही. एकजण मुख्यतः स्लिपमध्ये उभा राहिला, दुसरा बॅटच्या तोंडाशी. एक सोळा वर्षे खेळला, दुसरा आठ. कोणाच्या गोलंदाजीवर झेल उडत होते, खेळपट्टी कशी होती, यांवरही सारे अवलंबून. शिवाय सर्वांत मोठी गोम अशी, की सुटलेले झेल धावफलकात कुठेच नसतात. दहा संधींतून नऊ झेलणारा आणि वीस संधींतून नऊ झेलणारा, वहीत दोघेही सारखेच! अमेरिकेच्या त्या खेळात गेली तीसेक वर्षे चेंडू किती वेळा एखाद्याच्या दिशेने फेकला गेला हेही मोजतात. म्हणजे संधी किती आणि फळ किती, हे शेजारी शेजारी दिसते.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? आकडा अपुरा आहे म्हणून तो फेकून द्यावा, की त्याला पुरेसा करावा? गावसकरांच्या १०,१२२ धावांतही त्यांच्या स्ट्रेट ड्राइव्हचे सौंदर्य मावलेले नाही. म्हणून कोणी त्या धावा मोजायचे सोडले नाही. फलंदाजाची कला मोजल्याने मरत नाही आणि क्षेत्ररक्षकाची तेवढी मरते, हा न्याय मला उमगत नाही. न मोजलेली कला जिवंत राहते, हाही भ्रमच आहे. पाहणारे विखुरले की ती विसरली जाते.

आता घरच्या मैदानाकडे येतो, कारण खरे दुखणे तिथे आहे.

आपल्या मुलांपैकी निम्मी मुले खेड्यांतून आलेली. त्यांनी क्रिकेट शिकले ते ज्वारी काढून झालेल्या रानात. काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, जागोजागी ढेकळे आणि धसकटे. चेंडू कुठे उसळेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अशा रानात सूर मारायचा म्हणजे कोपर सोलून घ्यायचे. तरी मुले सूर मारतात. गावच्या संघात बॅट एकच असते, आणि ती ज्याची असेल तो आधी खेळतो. उरलेल्यांच्या वाट्याला काय? क्षेत्ररक्षण! लेदरच्या चेंडूने खेळायची बरी बॅट हजारो रुपयांना येते. पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट वेगळे. झेलायला मात्र परमेश्वराने दिलेले दोन हात पुरतात. म्हणून आपल्याकडे गरिबाच्या मुलाला क्रिकेटमध्ये शिरायची जी एकच दिंडी उघडी असते, ती झेलाची. सोलकर त्याच दिंडीतून आत आले. तिकडे जेरी राइसही तसाच. आणि नेमक्या त्याच दारावर आपण नोंद ठेवणारा बसवलेला नाही.

आमच्या संघात असा एक मुलगा आहे. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. त्याचे वडील वीटभट्टीवर आहेत. सुटीत तोही जातो. उन्हाळ्यात टरबुजांचे ट्रक उतरवायला जातो. ट्रकवरचा माणूस टरबूज फेकतो, खालचा झेलून पुढच्याकडे देतो. त्या कामाची एक रीत त्याने मला सांगितली ती मी विसरणार नाही : एखादे टरबूज फुटले की हजेरीतून पैसे कापतात, दिवसभरात किती झेलली ते कोणी विचारत नाही. पडलेले मोजायचे, झेललेले मोजायचे नाही! मैदानावरही त्याच्या वाट्याला तेच आले. तो आमच्या ऑफस्पिनरला शॉर्टलेगला उभा राहतो. आठव्या-नवव्या क्रमांकावर फलंदाजीला येतो, गोलंदाजी करत नाही. यंदा सहा सामन्यांत त्याने नऊ झेल घेतले, दोन सुटले. मी हे माझ्या वेगळ्या वहीत टिपून ठेवले आहे, कुठे उभा होता आणि कोणाच्या चेंडूवर, यासकट. एका निवड चाचणीसाठी प्रत्येक संघाकडून खेळाडूंचा तक्ता मागवला गेला. त्यात रकाने होते : सामने, धावा, सर्वोच्च धावा, बळी. तक्ता भरताना त्या मुलापुढे काय आले? सामने ६, धावा ४१, बळी ०. झेलाला रकाना नव्हता. मी शेऱ्याच्या जागी बारीक अक्षरांत लिहून दिले. ते कोणी वाचले असेल असे वाटत नाही. ज्यांच्या नावापुढे दोन अर्धशतके होती त्यांना बोलावणे आले, आणि ते योग्यच होते. पण आमच्या ऑफस्पिनरलाही बोलावणे आले. त्याच्या नावापुढे चौदा बळी होते, त्यांतले सहा या मुलाच्या हातांतले. ऑफस्पिनर स्वतः मला म्हणाला, "यातले सहा त्याचे आहेत, लिही ना कुठेतरी." कुठे लिहू? रकानाच नव्हता.

निवड करणाऱ्यांनी जाणूनबुजून अन्याय केला असे मी म्हणत नाही. त्यांच्यापुढे जो कागद ठेवला त्यावरून त्यांनी ठरवले. म्हणूनच कागद बदलला पाहिजे. मन बदलायला पिढ्या लागतात. कागदावर एक उभी रेघ जास्त ओढायला पट्टी आणि पेन्सिल पुरते.

माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयाने स्कोअरबुकाच्या जोडीला एक झेलवही ठेवावी. तिला पाच रकाने पुरेत. झेल कोणी घेतला. तो कुठे उभा होता. कोणाच्या चेंडूवर घेतला. यष्टिरक्षक होता की क्षेत्ररक्षक. आणि पाचवा, सुटलेल्या संधी. या पाचव्या रकान्यावरून संघात कुरबूर होईल, हे मला ठाऊक आहे. 'ती संधीच नव्हती, चेंडू फार लांब होता,' असे म्हणणारे भेटतील. त्यासाठी दोन्ही संघांच्या स्कोअररनी एकमत झाले तरच संधी धरावी. बदली खेळाडूच्या झेलापुढे 'बदली' न लिहिता त्याचे नाव लिहावे, आणि ते त्याच्या बेरजेत धरावे. आपल्या घरच्या वहीला लॉर्ड्सची परवानगी लागत नाही. मुलींचा संघ आता उभा राहतो आहे. त्यांच्या वहीत पहिल्या सामन्यापासूनच हे रकाने असावेत, म्हणजे पुढे 'आधीचे कोणी लिहून ठेवले नाही' अशी हळहळ करावी लागणार नाही.

आणि एक विनंती या वार्षिकाच्या संपादक मंडळाला. दरवर्षी क्रीडा विभागाच्या पानावर 'सर्वाधिक धावा' आणि 'सर्वाधिक बळी' असे दोन मानकरी छापले जातात. त्याखाली 'सर्वाधिक झेल' अशी तिसरी ओळ यावी. एका ओळीने कागदाचा खर्च वाढत नाही. पण हा अंक ज्याच्या घरी जाईल तिथे एखादी आई आपल्या मुलाचे छापील नाव बोटाने दाखवील, एखाद्या धाकट्या भावाला कळेल की बॅट नसली तरी नाव लागू शकते, आणि उद्या निवड समितीपुढे ठेवायला हातात एक छापील पुरावा असेल. आपल्या मराठवाड्यातली पोरे जन्मापासून काही ना काही झेलतच आली आहेत. त्यातले निदान मैदानावरचे तरी आपण मोजू शकतो.

यंदाची ओळ मी भरून ठेवली आहे. सर्वाधिक झेल : ९. नाव कळवण्यासाठी संपादकांच्या होकाराची आणि त्या मुलाच्या परवानगीची वाट पाहतो आहे.